दोन गाठींची सुतळी

तिसगावला कशासाठी गेले होते, असं परत आल्यावर मला चार जणांनी विचारलं. चौघांना मी चार वेगवेगळी उत्तरं दिली. चारही खरी होती, पण एकातही सगळं मावत नव्हतं. म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी धर्मादाय प्रसूतिगृहाची व्यवस्थापक आहे. एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे लेबर रूमबाहेर सात फूट रुंद पॅसेज आहे आणि शेजारी नातेवाइकांसाठी चांगला मोठा हॉल. हॉलमध्ये खुर्च्या आहेत, पंखे आहेत, खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं. तरी नातेवाईक पॅसेजमध्येच जमिनीवर बसतात. कितीही उठवा, दहा मिनिटांत परत तिथेच. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी स्ट्रेचरचं चाक एका आजींच्या हातावरून गेलं आणि त्यांची दोन बोटं मोडली. त्यानंतर विश्वस्तांच्या बैठकीत ठरायला लागलं की पॅसेजच्या तोंडाशी लोखंडी गेट लावायचं, कुलूप घालायचं आणि वॉचमन बसवायचा. नातेवाईक गेटच्या बाहेर.

हे मला पटत नव्हतं. आत बाई कळा देत असते तेव्हा बाहेरून तिच्या आईचा आवाज आला की ती जरा सावरते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. पण गेट नको तर दुसरं काय, हे मला सांगता येत नव्हतं. एका विश्वस्तांनी पुण्याच्या प्रदर्शनात सुजाता नावाच्या मुलीचं काम पाहिलं होतं. ती चित्रकार आहे, डिझायनर आहे आणि आणखीही काय काय आहे, असं ते म्हणाले. तिला विचारा म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, विचारा, पण सोमवारच्या बैठकीत ड्रॉइंग टेबलावर हवं, नाहीतर गेटची ऑर्डर जाईल.

ती नगर जिल्ह्यात तिसगावला राहते. फोनवर सुजाता म्हणाली, "ताई, मला तिकडे यायच्या आधी तुम्हीच इकडे या. येताना पॅसेजचा नकाशा आणा, आणि बाळंतपणाला जाताना बाया जे सामान नेतात ते सगळं आणा."

"कोणाचं बाळंतपण?"

"कोणाचंच नाही. सामान आणा फक्त."

मला काही कळलं नाही. पण सांगितलेलं आणायची मला सवय आहे. थर्मास, दोन चादरी, जुन्या लुगड्याची घडी, स्टीलचा डबा आणि प्लास्टिकची बादली एवढं घेऊन मी निघाले.

गुरुवार, तिसगाव

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं आणि कंडक्टर नगर, नगर असं ओरडतो. तिथून पाथर्डीच्या गाडीत बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, आता करंजीचा घाट लागंल. घाट म्हटल्यावर आम्हा कोकणातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर धुकं, झाडी आणि पोटात ढवळणं येतं. मी लिंबू हातात घेऊन बसले. लिंबाचा वास घेईपर्यंत घाट संपला होता. दोन्हीकडे उघडे डोंगर, काळे दगड, मधूनच एखादी बाभूळ. खाली उतरल्यावर मात्र ज्वारी उभी होती आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. जानेवारीतलं ऊन आणि गार वारा एकदमच अंगावर येत होते. आमच्याकडे हे दोन्ही एका वेळी मिळत नाहीत.

तिसगावला उतरून मी बादली हातात धरून सुजाताचा पत्ता विचारला.

पहिला दुकानदार म्हणाला, "कोन सुजाता? शिलाईवाली का?"

मी म्हटलं, डिझायनर आहे.

"मंग शिलाईवालीच. पुढं जा."

पुढे चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "ती शूटिंगवाली व्हय? कारखान्यावर माईक घेऊन हिंडती ती?" दुसरा म्हणाला, "न्हाई रं, ती बाकडी बनीवती. शाळंतली बाकडी तिचीच हायेत." तिसऱ्याने तिला पेंटरची पोरगी म्हणून ओळखलं, कारण तिचे वडील पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मला वाटलं गावात चार सुजाता आहेत. शेवटी टपरीवाल्याने वाद मिटवला. "समदी येकच हाय ती. भाऊसाहेबाच्या कांदाचाळीत बघा."

कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक शेड. भिंती लाकडी पट्ट्यांच्या, मधून बोटभर फटी, वारा खेळावा म्हणून. भाऊसाहेब नावाचे मालक दारातच भेटले. साठीचे, टोपी तिरकी. मी विचारलं, इथे कांदा नाही का?

"कांदा चैतात येतो. दिवाळीला संपतो. तवापासून चैतापतोर ही आसती." त्यांनी आत बोट दाखवलं. "सहा म्हयनं कांदा, सहा म्हयनं ही. दोगंबी डोळ्यात पानी आनत्यात."

आतून आवाज आला, "भाऊसाहेब, कांद्याचा भाव तरी पडतो. माझा कधी चढलाच नाही."

अशी मला सुजाता पहिल्यांदा ऐकू आली. मग दिसली. चौतीस-पस्तिशीची, केस वर बांधलेले, पंजाबी ड्रेसवर वडिलांचा जुना शर्ट. शर्टावर सगळ्या रंगांचे डाग.

चाळीच्या आत काय होतं ते सांगते, त्यातून काही अर्थ लागला तर मलाही सांगा. शिलाई मशीन. पत्र्यातून कापलेली मोठमोठी अक्षरं. आवाज टेप करायचं यंत्र. प्लास्टिकच्या दोरीने विणलेली अर्धवट बाज. आणि वरच्या वाशांवरून खाली सोडलेले कापडाचे लांब पट्टे, त्यांवर कोळशाचे करडे ठसे. मी विचारलं, हे काय?

"उंबरे. गावातल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर कापड ठेवून कोळसा घासला. झिजलेला भाग पांढरा राहतो."

"कशासाठी?"

"पाय कुठे पडतो ते कळतं."

"ते कळून काय होतं?"

तिने विचार केला. खरंच केला, उगाच केल्यासारखं दाखवलं नाही. म्हणाली, "अजून माहीत नाही. तीन वर्षं झाली."

मग तिने माझं बाळंतपणाचं सामान जमिनीवर मांडायला लावलं आणि त्याच्याशेजारी मला बसवलं. तासभर. ती समोर बसून शिवत होती. मी दोनदा विचारलं की आपण काम कधी सुरू करायचं. दोन्ही वेळा ती म्हणाली, चालूय की.

ती आणि तिची आई कौसाबाई गेल्या पंधरवड्यापासून लोड शिवत होत्या. जुन्या साड्यांच्या खोळी, आत उसाचं पाचट भरलेलं, वरून गोधडीसारखा बारीक धावदोरा. सुजाताचं म्हणणं असं की लोक पॅसेजमध्ये बसतात कारण तिथे पाठ टेकायला भिंत मिळते, हॉलमधल्या खुर्च्यांत तसं टेकता येत नाही. मला हे पहिल्यांदाच काहीतरी पटण्यासारखं वाटलं. अकरा लोड तयार होते. मी म्हटलं, मग याचंच ड्रॉइंग कर, मी उद्याच निघते.

"थांबा, ताई. मला अजून खात्री नाही."

संध्याकाळी त्यांच्या घरी जेवले. पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी, खाली नीट रचलेली पुस्तकं. कौसाबाईंनी शेंगोळे केले होते. आमच्याकडच्या कुळथाला इथे हुलगे म्हणतात. आम्ही त्याची पिठी करून भातावर ओततो. इथे त्याच पिठाची तिखट, लसणीची बोटाएवढी वळकटी करून रश्श्यात शिजवतात. सोबत बाजरीची भाकरी. मी तीन वेळा वाढून घेतलं. कौसाबाई म्हणाल्या, "सुजी काय करती ते मला इचारू नगा, ताई. म्या निस्ता दोरा घालती. ती म्हनती उसव, मी उसवती. मंग शिव्या देती."

शुक्रवार, नेवासे

मला वाटलं होतं, आज तरी कागद-पेन्सिल निघेल. सुजाता म्हणाली, "नेवाशाला जाऊ. तिथे माणसं थांबलेली बघायला मिळतात."

"थांबलेली माणसं मी रोज बघते."

"तुम्ही त्यांना उठवत असता. मला बसलेली बघायचीत."

प्रवरेकाठी गावाला लागून मंदिर आहे. ज्ञानेश्वरांनी टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो दगडी खांब तिथे आहे, हे सगळ्यांना माहीतच आहे. सुजाता बाहेरच थांबली. "तुम्ही जाऊन या. माझं काम इथे आहे." तिचं काम म्हणजे चपलांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसणं. मी आत गेले. खांबाला हात लावला, दोन मिनिटं बसले. माझ्यासारखीलाही तिथे शांत वाटलं, हे नोंदवून ठेवते.

बाहेर आले तर माझ्या चपला नाहीत. तशाच तपकिरी, तशाच पट्ट्याच्या, पण एक नंबर मोठ्या चपला तिथे पडल्या होत्या.

"तुमच्या गेल्या," सुजाता म्हणाली. "एक आजी घालून गेल्या. त्यांनी आधी तीन जोड घालून बघितले, चौथा तुमचा."

"आणि तू बघत बसलीस?"

"हो."

"थांबवायचं नाही?"

"थांबवलं असतं तर पुढे काय करतात ते कळलं नसतं. त्या पार रस्त्यापर्यंत गेल्या, थांबल्या, पायाकडे बघितलं, आणि मग तशाच गेल्या."

मला भयंकर राग आला. चपला नवीन होत्या. सुजाताने स्वतःच्या काढून माझ्यापुढे सरकवल्या, त्या मला लहान होत होत्या. शेवटी त्या आजींच्या मोठ्या चपला घातल्या आणि फटक फटक करत एसटी स्टँडवर आले. ती वहीत काहीतरी लिहीत होती. मी डोकावले. तिने मंदिराच्या दाराशी बसलेल्या माणसांची ठिकाणं टिंबांनी दाखवली होती. प्रत्येक चार-पाच माणसांमागे एक टिंब चपलांच्या ढिगाशेजारी. तिने त्या टिंबाखाली लिहिलं होतं, "हा आत गेलाच नाही."

"याचा आमच्या पॅसेजशी काय संबंध?"

"माहीत नाही, ताई." ती म्हणाली. "पण लोड चुकले असं मला वाटायला लागलंय. इथे भिंत आहे, कट्टा आहे, झाडाचं खोड आहे. कोणीच टेकलेलं नाही."

परतीच्या गाडीत मी हिशोब मांडला. शुक्रवार संपला. रविवारी सकाळी निघायला हवं. हातात नकाशा तोच, जो मी आणला होता. त्यात दारं, खिडक्या, आगीचं सिलिंडर, पिण्याच्या पाण्याचा नळ, सगळं मी मोजून दाखवलेलं. तिच्याकडून त्यात एक रेघ वाढलेली नव्हती. उलट होतं ते उत्तरही ती आता परत घेत होती. पुढचा आठवडा मला डोळ्यांसमोर दिसत होता. गेट, कुलूप, आणि स्टुलावर बसलेला वॉचमन.

शनिवार, खळ्यावरचं हॉस्पिटल

सकाळी चाळीत गेले तर मायलेकींचं भांडण चाललेलं. सुजाता लोड उसवत होती. खोळ वेगळी, पाचट वेगळं.

"पंधरा दिस डोळं फोडलं म्या!" कौसाबाई ओरडत होत्या. "येक तरी ऱ्हाऊ दे."

"एक राहिलं की मी त्याचंच खरं मानत बसेन, आई."

मी स्वतःला रोखू शकले नाही. म्हटलं, "अगं, चांगलं काम आहे. वाया घालवायचं कशाला?"

"कापड कुठे वाया जातंय? उरलंच की."

काही माणसं काम करताना पुढे जातात. ही मागे जाते आणि त्यालाही काम म्हणते. तेव्हा मला तिचा खरोखर कंटाळा आला होता, हे लपवत नाही.

लोड उसवून झाल्यावर तिने माझा नकाशा घेतला आणि चाळीसमोरच्या खळ्यावर फक्कीने आमचं हॉस्पिटल आखलं. फक्की म्हणजे कबड्डीच्या मैदानावर रेघा मारतात ती चुन्याची पूड. नकाशातल्या मापाने, पूर्ण आकारात. टेप माझ्या पर्समध्ये असतोच, तो या प्रवासात पहिल्यांदा उपयोगी पडला. सात फुटी पॅसेज, लेबर रूमच्या दारापाशी दोन बाजा उभ्या करून ठेवल्या, शेजारी हॉल. हॉलमध्ये खुर्च्यांऐवजी पालथी घमेली. माझंच हॉस्पिटल, पण छप्पर आणि भिंती नसलेलं, मधून एक शेळी चाललेली.

मग वस्तीवरची म्हातारी माणसं आली. या दिवसांत वस्तीवर तीच असतात. तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. आठजण होती. पुढारी शेवंताबाई, सत्तरीच्या पुढच्या, कपाळावर गोंदण, जिभेला लगाम नाही.

"आता तुमच्या सुना आत बाळंत होतायत," सुजाता म्हणाली. "तुम्ही थांबा."

"माजी सून कारखान्यावर हाय, ऊस तोडती," शेवंताबाई म्हणाल्या. "पर आसू दे. व्हऊ दे बाळंत."

आणि सगळी सरळ हॉलमध्ये जाऊन बसली. घमेल्यांवर नाही, घमेल्यांच्या शेजारी खाली, उन्हात. गप्पा सुरू. पॅसेज मोकळा. कोणी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

मी सुजाताकडे बघितलं. "हे बघ. इथे कोणी पॅसेजमध्ये बसत नाही. मग खेळ खोटाच ना?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या तोंडावर मी पहिल्यांदाच माझ्यासारखा गोंधळ पाहिला. "मग तुमच्याकडे का बसतात?"

"तेच विचारायला मी इथवर आले."

कौसाबाईंनी चहा आणला. भाऊसाहेबांनी आगटी पेटवून हुरडा भाजला. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून हातावर चोळायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. आमच्याकडे असं काही नाही, आणि नाही याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. हुरडा खाता खाता सुजाता म्हणाली, "ताई, यात तुम्ही कुठे आहात?"

"म्हणजे?"

"तुम्ही बाहेर उभ्या राहून बघताय. हॉस्पिटलमध्ये तुम्ही असता. ड्यूटीवर या. रोज करता तेच करा."

मला नाटकं जमत नाहीत. पण मी बाजांच्या दारापाशी जाऊन उभी राहिले आणि आमच्या सिस्टरसारखी हाक मारली, "शेवंताबाईंच्या सुनेचे नातेवाईक! एकेकानं या, पेशंटला भेटून जा."

शेवंताबाई उठून आल्या. दारात पाय टाकणार तोच माझ्या तोंडून गेलं, "चपला बाहेर काढा, मावशी."

त्यांनी काढल्या. दुसरी आजी आली, तिलाही तेच. मग एक आजोबा. एकोणीस वर्षं मी दिवसातून वीसदा हे वाक्य म्हणत आलेय, ते म्हणायला मला विचार करावा लागत नाही. आठजण आत जाऊन आले. दाराबाहेर पॅसेजमध्ये आठ जोड.

आणि बाहेर आलेल्या शेवंताबाई हॉलकडे गेल्याच नाहीत. तिथेच, फक्कीच्या रेघेला पाठ करून, पॅसेजमध्ये बसल्या. एक हात चपलांवर. त्यांच्याशेजारी दुसरी आजी. मग आजोबा. बघता बघता पॅसेज भरला. थेट आमच्यासारखा.

"इथे का बसलात?" मी विचारलं. माझा आवाज ड्यूटीवरचाच होता. "हॉल आहे ना तिकडे."

"आन् चपला?" शेवंताबाई म्हणाल्या. "तू बघशील व्हय?"

"घालून जा तिकडे."

"आन् डाक्टरनी फिरून हाक मारली, की फिरून काडायच्या? वाकायचं, उटायचं. गुडगं कुनाचं, तुजं का माजं?"

सगळी हसली. मी माझ्या पायांकडे बघितलं. पायांत नेवाशाच्या आजींच्या एक नंबर मोठ्या चपला.

आमच्याकडे लेबर रूमच्या दारालगत भिंतीवर निळ्या अक्षरांत बोर्ड होता. "चपला येथे काढाव्यात. हुकुमावरून." हुकूम माझा. कामावर रुजू झाले त्याच वर्षी मी तो लावून घेतला होता. आत स्वच्छता हवी म्हणून, आणि ते बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून मीच लोकांना त्या दारात चपला काढायला लावत होते आणि मीच त्यांना तिथून उठवत होते. मोडलेल्या दोन बोटांच्या आजी कुठे बसल्या होत्या, ते मला लख्ख आठवलं. बोर्डाच्या बरोबर खाली.

"तुला माहीत होतं?" मी सुजाताला विचारलं.

"नाही." ती फक्कीच्या रेघेवर उकिडवी बसली होती. "नकाशात बोर्ड नाहीये."

खरंच नव्हता. आगीचं सिलिंडर होतं. बोर्ड मला दिसतच नव्हता, तो माझाच होता म्हणून.

दुपारभर मग तिने जे केलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती बाजांच्या मागे जाऊन बसली आणि कण्हायला लागली. शेवंताबाईंना तिने एक एक पाऊल मागे जायला सांगितलं, जिथवर आवाज येतो तिथवर.

"येतो का?"

"येतो. पर ह्यो काय बाळंतीनीचा आवाज हाय? जरा जोरात कन्ह की गं! लगीन केलं आसतंस तं कळलं आसतं."

"आजी, तुम्ही मागे सरका."

सरकत सरकत शेवंताबाई हॉलमध्ये पोचल्या आणि म्हणाल्या, बास, आता बारीक येतो. तिथे सुजाताने सुतळीला गाठ मारली. मग शेवंताबाईंचा जोड तिथेच जमिनीवर ठेवून तिने त्यांना आणखी मागे नेलं, जोड आपलाच आहे हे ओळखू येतं तिथवर. तिथे दुसरी गाठ. पुन्हा दुसरी आजी, पुन्हा आजोबा. आठजणांचं झाल्यावर तिने सगळ्या गाठी सोडल्या आणि दोनच नव्याने मारल्या.

मी म्हटलं, "उघड्यावर आवाज वेगळा येतो. आमच्याकडे भिंती आहेत."

"म्हणून तर गाठ सैल मारलीय."

रविवार, निघताना

सकाळी स्टँडवर सोडायला आली तेव्हा मी तिला शेवटचं विचारलं, "ड्रॉइंग?"

तिने सुतळीचं भेंडोळं माझ्या हातात ठेवलं. "दाराच्या चौकटीला टोक बांधा. पहिल्या गाठीच्या अलीकडे माणसं बसली पाहिजेत. दुसऱ्या गाठीच्या अलीकडे त्यांच्या चपला दिसल्या पाहिजेत. बोर्ड त्या हिशोबाने हलवा, एक दिवस बघा, मग फोन करा. मग मी येऊन काय बनवायचं ते बघते. कदाचित काहीच बनवावं लागणार नाही."

"बैठकीत मी सुतळी दाखवू?"

"दाखवू नका. बांधा."

कौसाबाईंनी हुलग्याच्या पिठाची पिशवी दिली आणि हळूच म्हणाल्या, "येक लोड म्या दडवून ठिवलाय. तिला सांगू नगा." तो त्यांनी माझ्या बादलीत चादरीखाली कोंबला होता. रिकाम्या हाताने परतले नाही एवढंच समाधान. भाऊसाहेबांनी गाडी सुटताना हात हलवला आणि ओरडले, "चैताच्या आत बोलवा तिला! मंग कांदा येतोय!"

गाडीत मी दोनदा सुतळी काढून बघितली. सुतळीच होती.

सोमवार, आमच्याकडे

सकाळी सात वाजता मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझा बोर्ड उतरवला. आमची सिस्टर बघत राहिली. चौकटीला सुतळी बांधली आणि ताणत नेली. दोन्ही गाठी हॉलच्या आत पडल्या, पहिली हॉलच्या दारापासून चार हात, दुसरी तिच्या थोडी पुढे. हॉलच्या उंबऱ्यापाशी बोर्ड लावला. हॉलमधून लेबर रूमचं दार अकरा पावलं. मी अनवाणी चालून मोजली.

चमत्कार झाला असं लिहिणार नाही. दुपारी दोनपर्यंत तिघं पॅसेजमध्येच होती, जुन्या सवयीची. एक आजोबा चपला हातात घेऊन फिरत होते. पण बाकीची हॉलमध्ये होती, दारालगत, जमिनीवर, पुढे चपलांची रांग. आतून हाक आली की एखादी उठायची, अनवाणी जायची, अनवाणी यायची. आत एक मुलगी मोठ्याने ओरडली तेव्हा हॉलमधून तिची आई म्हणाली, "मी हाय गो इथंच." आवाज पोचला असावा, कारण मुलगी थोडी गप्प झाली.

चारला बैठक. अध्यक्षांनी विचारलं, "ड्रॉइंग आणलंत?"

मी म्हटलं, "हॉलमध्ये चला."

ते पुढे, मागे पाच विश्वस्त. दाराशी बोर्ड बघून ते थांबले. आमचे अध्यक्ष स्वभावाने कडक, पण नियम पाळणारे. वाकून त्यांनी नवे चामड्याचे बूट काढले, मग बाकीच्यांनीही काढले. आत जाऊन ते सवयीने समोरच्या टोकाच्या खुर्चीवर बसले. मी सांगायला सुरुवात केली. गुरुवारपासून सांगू लागले, चैत्रात कांदा आला की रिकामी करावी लागणारी चाळ, उंबऱ्याचे ठसे, नेवासे, उसवलेले लोड, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की हे कोणालाही समजणार नाही. मलाच कुठे समजलं होतं.

"थोडक्यात, त्या बाईंनी केलं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"नीट सांगता येत नाही," मी म्हटलं.

ते उठले. मला वाटलं, झालं, आता गेटची ऑर्डर. पण ते दारापाशी आले, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि एका आजींच्या शेजारी बसले. आजी जरा सरकल्या.

"गेटचं आज राहू द्या," ते म्हणाले. "त्यांना एकदा बोलवा. चैत्राच्या आधी."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. बुटांकडे बघत होते.